भाषा पाहावी करून

आमच्या जेवणाच्या टेबलावर हल्ली जेवण सोडून सगळं होतं. भाचा नोकरीसाठी पुण्यात आला आणि खोली मिळेपर्यंत म्हणून आमच्याकडे उतरला, त्याला आता बराच काळ लोटला. खोली मिळत नाही असं नाही. आमचं इंटरनेट चांगलं आहे. संध्याकाळी आला की तो ऑफिसचा लॅपटॉप मिटतो, स्वतःचा उघडतो, दोन-चार कळा दाबतो आणि मग त्याच्याकडे नुसता बघत बसतो. लॅपटॉपचा पंखा सुरू होतो, चढत जातो, आणि थोड्या वेळाने टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येईनाशा होतात. हा एकच फायदा.

"अरे, ताटं मांडायची आहेत," आमची ही म्हणते.

"मामी, जरा थांब ना. कंपायलर बिल्ड होतोय."

"कालही तोच होत होता ना?"

"काल झाला होता. मग मी एक स्वल्पविराम बदलला."

हा स्वल्पविराम भाच्याच्या स्वतःच्या कामातला नाही. ऑफिसच्याही नाही. तो रस्ट नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला आहे. ही भाषा सगळ्यांसाठी खुली आहे, म्हणजे तिचा सगळा कोड कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा. जगभरातले लोक आपापल्या जेवणाच्या टेबलांवर बसून ती सुधारत असतात, आणि जगभरातल्या माम्या ताटं हातात घेऊन उभ्या असतात. त्यातल्या काहींना कंपन्या पगार देतात. आमचा भाचा त्यातला नाही.

माझ्या बहिणीला हे अजून पचलेलं नाही. तिचा दर रविवारी फोन येतो.

"हा रात्रीचं ते काय करतो?"

"भाषा करतो."

"कोणासाठी?"

"सगळ्यांसाठी."

"आणि पैसे?"

"पैसे नाहीत. पण जपानमधल्या एकाने त्याला अंगठा दाखवला."

"अगं बाई!"

"नाही गं, वरचा."

मी स्वतः निवृत्त होईपर्यंत एका बँकेत कोबोल लिहिलं. त्यामुळे घरात कॉम्प्युटरमधला जाणकार म्हणून माझी जी काही पत होती, ती भाचा येईपर्यंत टिकून होती. आमच्या वेळी भाषा वरून येत असे. यंत्राबरोबर जाडजूड ग्रंथ यायचे, त्यात लिहिलेलं असायचं की वाक्याच्या शेवटी पूर्णविराम द्यायचा. आम्ही द्यायचो. कोणी विसरला तर यंत्र त्या एका टिंबापायी पानंच्या पानं चुका छापायचं आणि साहेब तो गठ्ठा हातात देऊन म्हणायचे, "वाचा आणि शोधा." भाषा कोणी केली, का केली, पूर्णविरामाऐवजी दुसरं काही चालेल का, असले प्रश्न विचारायची रीत नव्हती. आता मात्र रीत अशी, की प्रश्न विचारण्यापासूनच सुरुवात करायची आणि जमल्यास तिथेच थांबायचं.

रस्टचा जन्म लिफ्टमुळे झाला. ही थाप नाही. 2006 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ग्रेडन होअर नावाचा, मोझिलात नोकरी करणारा गृहस्थ घरी आला तर इमारतीची लिफ्ट बंद. तिचं सॉफ्टवेअर कोलमडलं होतं. तो राहायचा एकविसाव्या मजल्यावर. जिने चढताना त्याच्या मनात आलं, की साधी लिफ्ट चालवणारा प्रोग्रॅम आपल्याला धड लिहिता येऊ नये म्हणजे काय! असल्या यंत्रांचे प्रोग्रॅम सी आणि सी प्लस प्लसमध्ये लिहितात, आणि त्या भाषांत मेमरी हाताळताना घोटाळा होणं फार सोपं. तेव्हा हा घोटाळा करूच न देणारी भाषा काढावी, असं त्याने ठरवलं.

आमच्या सोसायटीची लिफ्ट वर्षातला बराच काळ बंद असते. त्या हिशेबाने एव्हाना आमच्या इमारतीतून चार-पाच भाषा निघायला हव्या होत्या. निघाली ती एकच, आणि ती छापण्यासारखी नाही. पण मला खरं कौतुक पुढच्या गोष्टीचं वाटतं. एकवीस मजले चढून गेल्यावरही त्या माणसाला काही सुचत होतं. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर मला पाणीसुद्धा खुणेने मागावं लागतं.

तर या भाषेचा कंपायलर. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा प्रोग्रॅम. मेमरीतल्या कुठल्या गोष्टीचा मालक कोण, ती उसनी कोणी घेतली आणि परत कधी मिळणार, हे स्पष्ट कळल्याशिवाय रस्टचा कंपायलर पुढे सरकत नाही. इथपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं. अडचण पुढे आली.

"आणि हा कंपायलर कुठल्या भाषेत लिहिलाय?" मी विचारलं.

"रस्टमध्ये."

"मग तो यंत्राला कळेल असा कोण करतं?"

"रस्टचा कंपायलर."

मी गप्प झालो. भाच्याने कागद घेऊन पायऱ्या काढल्या. शून्य, एक, दोन. आधी तयार असलेला कंपायलर इंटरनेटवरून उतरवायचा, ती पायरी शून्य. त्याने आपला नवा कोड कंपाइल केला की पायरी एक. मग या पायरी-एकच्या कंपायलरने तोच कोड पुन्हा कंपाइल करायचा, ती पायरी दोन. मी मान हलवत होतो, म्हणजे मला काही कळत नव्हतं. स्वयंपाकघरातून आवाज आला, "विरजण आहे हो ते. दही लावायला दही लागतं."

"एक्झॅक्टली, मामी!"

"मग पहिलं दही कुठून आणलं?"

भाचा म्हणाला, ओकॅमल नावाच्या दुसऱ्या भाषेकडून. रस्टचा पहिला कंपायलर ओकॅमलमध्ये होता. 2011मध्ये रस्टने स्वतःचं स्वतः लावून बघितलं आणि लागलं. तेव्हापासून शेजारी वाटी घेऊन जावं लागलेलं नाही. चाळीस वर्षं या क्षेत्रात घालवलेल्या माणसाला जे कळलं नाही, ते कढीची तयारी करणाऱ्या बाईला कळलं, याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. तिने मात्र पुढे बरेच दिवस म्हणून घेतलं.

आता तो स्वल्पविराम. रस्टचा कंपायलर चूक दाखवतानाही फार गोड बोलतो. ‘फंक्शन’ हा शब्द पूर्ण लिहिलात तर तो म्हणतो, इथे नुसतं ‘एफएन’ लिहा. ग्रीक लिपीतलं प्रश्नचिन्ह दिसायला हुबेहूब आपल्या अर्धविरामासारखं असतं. ते चुकून आलं तर तो ओळखतो आणि सांगतो, की हे अर्धविरामासारखं दिसतंय खरं, पण अर्धविराम नाही. कोबोलचा तो गठ्ठा आठवून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असं माझ्याशी बँकेत कोणी बोललं नाही, यंत्र तर सोडाच. भाच्याला अशाच एका सूचनेत स्वल्पविराम खटकला. त्याने तो काढला. झालं असं, की त्या सूचनेचा मजकूर अक्षरशः असाच छापला जातो का हे तपासणाऱ्या चाचण्या जागोजागी पेरलेल्या असतात. त्या सगळ्या एकदम नापास झाल्या.

"मग आता प्रत्येक फाइल हाताने सुधारायची?"

"नाही, त्यासाठी एक आज्ञा आहे. ‘ब्लेस’ म्हणायचं, की नवा मजकूर सगळीकडे आपोआप बरोबर ठरतो."

आशीर्वादाने नापासाचा पास होतो, हे कळल्यावर मला आमच्या गणिताच्या मास्तरांबद्दल नव्याने राग आला.

ब्लेस झाल्यावर ‘टायडी’ येतो. हा टापटिपीचा तपासनीस. ओळीच्या शेवटी रिकामी जागा राहिली तर तो अडवतो. ओळ शंभर अक्षरांपेक्षा लांब झाली तर अडवतो. हा शेवटचा नियम मराठी समीक्षेला लागू करावा असं मी सुचवून पाहिलं. भाच्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. टायडीतून सुटलात की माणसाकडे. कोणी तरी जाणता माणूस बदल तपासतो. हा माणूस बहुधा अशा देशात असतो, की आपण झोपायला गेलो की त्याची न्याहारी होते. तो लिहितो, "मनापासून आभार! फारच सुंदर काम. फक्त एक बारीकशी सूचना." त्या बारीकशा सूचनेखाली आणखी बारीकशा सूचना असतात. काहींच्या आधी ‘निट’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे ही अगदीच किरकोळ, मानली नाही तरी चालेल. न मानणारा अजून कोणी पाहिलेला नाही.

"मामा, तो ओरडला असता तर परवडलं असतं," भाचा रडवेल्या आवाजात म्हणाला. "भांडून मोकळा झालो असतो. आता करावंच लागणार."

सगळं पटलं की तो जाणता माणूस ‘आर प्लस’ एवढंच लिहितो. या दोन चिन्हांसाठी आमच्या घरात देव पाण्यात ठेवले गेले आहेत. आर प्लस मिळालं तरी काम संपत नाही; मग तो बदल ‘बोर्स’ नावाच्या यंत्राच्या रांगेत जाऊन बसतो. मुख्य कोडमध्ये नेहमी सगळ्या चाचण्यांत पास झालेलाच कोड राहील, असा दंडक होअरने घालून दिलेला. बोर्स एकेक बदल घेतो, तऱ्हेतऱ्हेच्या यंत्रांवर चालवून बघतो, आणि कुठे काही खुट्ट झालं की परत पाठवतो. त्या चाचण्यांमध्ये एक फाइल केवळ विचित्रपणासाठी ठेवली आहे. तिच्यात नुसत्या टिंबांची ओळ आहे, जिचा उपयोग शून्य, पण व्याकरणाला धरून आहे म्हणून कंपायलरने ती मुकाट्याने मान्य करायची. मी ती ओळ बराच वेळ पाहिली. मंत्रालयातून बँकेत येणारी काही परिपत्रकं आठवली.

आता कोणाला वाटेल, की जिथे एका स्वल्पविरामाची एवढी झडती होते, तिथे मोठ्या गोष्टींना किती वेळ लागत असेल! तर तसं नाही. मोठ्या गोष्टी सहसा शांतपणे पार पडतात, कारण त्या फार थोड्यांना कळतात. गोंधळ होतो तो सगळ्यांना कळेल अशा गोष्टीवर.

रस्टमध्ये ‘अवेट’ म्हणून एक शब्द यायचा होता. नेटवरून काही मागवलं आणि ते यायला वेळ लागणार असेल, तर प्रोग्रॅमने तोवर बाजूला थांबावं, असं सांगणारा शब्द. हे थांबणं आतून कसं चालतं, हा भयंकर अवघड प्रकार. त्यावर मोजक्या लोकांनी डोकं फोडून तो सोडवला. उरला एवढाच प्रश्न, की हा शब्द लिहायचा कुठे. ज्याच्यासाठी थांबायचं त्याच्या आधी, की नंतर? बस्स. आधी लिहा म्हणणारे म्हणाले, बाकीच्या भाषांत तसंच आहे. नंतर लिहा म्हणणारे म्हणाले, एकापुढे एक कामं जोडताना कंस उघडत बसावं लागणार नाही. मग कोणी म्हणालं कंसात घाला. कोणी म्हणालं पुढे उद्गारचिन्ह द्या. डॉट द्या, हॅश द्या, शब्दच नको, नुसतं ॲट द्या. वर्ष उलटलं. लोकांनी लांबलचक निबंध लिहिले, तक्ते केले. शेवटी मे 2019मध्ये निर्णय झाला: डॉट द्यायचा आणि शब्द शेवटी लिहायचा. 7 नोव्हेंबर 2019 रोजी 1.39 या आवृत्तीत तो आला, आणि ज्यांनी हे वाचणं निव्वळ अशक्य आहे असं लिहिलं होतं ते तो मजेत वापरू लागले.

जेवताना भाचा हे सांगत होता, तेव्हा ही म्हणाली, "यात भांडायचं काय? आपण तर थांब शेवटीच म्हणतो. ‘पोळी होईपर्यंत थांब.’ आधी थांब म्हणून मग कशासाठी ते सांगितलं तर कोण थांबेल?"

माझं मत नेमकं उलट होतं. अवेट म्हणजे काय हे मला समजण्याच्या पुष्कळ आधी, तो कुठे असावा याबद्दल माझं ठाम मत झालं होतं. मी ते आवाज चढवून मांडलं. पोळी गार झाली. निर्णय होऊन काही वर्षं उलटली आहेत, असं भाच्याने मधेच सांगून पाहिलं. पण मुद्दा तत्त्वाचा होता.

माझ्यासारख्यांवर एक नियमच केलेला आहे. हास्केल ही भाषा 1987मध्ये पंडितांच्या समितीने करायला घेतली. त्या समितीतले फिलिप वॉडलर यांनी सांगून ठेवलंय, की भाषा घडवताना अर्थावर जेवढी चर्चा होते, तिच्या दुप्पट वाक्यरचनेवर होते, चौपट अक्षरचिन्हांवर, आणि आठपट टीप लिहिताना सुरुवातीला कोणतं चिन्ह द्यावं यावर. टीप म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेलं वाक्य, जे कंपायलर वाचतसुद्धा नाही. यावर भाच्याने माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. मी विचारलं, "मग रस्टमध्ये टिपेला काय चिन्ह आहे?" तो म्हणाला, "दोन तिरप्या रेघा." मी म्हणालो, "एकीनं भागलं असतं." तो उठून गेला.

चिन्हांनी राजेसुद्धा घालवलेत. पायथॉन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम यांनी 1989च्या नाताळात, ॲमस्टरडॅममध्ये, सुट्टीत हाताला काही उद्योग असावा म्हणून सुरू केली. ("सुट्टीत माणसं माळे आवरतात," आमची ही.) पुढे लोकांनी त्यांना ‘दयाळू तहहयात हुकूमशहा’ अशी पदवी दिली, आणि तीस वर्षांच्या आसपास त्यांनी दयाळूपणे हुकूमशाही केली. बाकीच्या बऱ्याच भाषांत कोडचे गट बांधायला लागतात ते महिरपी कंस पायथॉनमध्ये त्या कामाला चालत नाहीत; भविष्यकाळातून महिरपी कंस मागवण्याची आज्ञा दिलीत तर पायथॉन उत्तर देतो, की शक्यच नाही. असा राज्यकर्ता अखेर दोन टिंबांनी घायाळ केला. एक नवं चिन्ह यायचं होतं: विसर्गासारखी दोन टिंबं आणि त्यापुढे बरोबरचं चिन्ह. आडवं धरून पाहिलं तर दोन डोळे आणि दोन सुळे दिसतात, म्हणून लोक त्याला वॉलरस म्हणतात. प्रस्ताव क्रमांक 572. त्यावर एवढी हाणामारी झाली, की प्रस्ताव मंजूर केल्यावर 12 जुलै 2018 रोजी व्हॅन रॉसम यांनी पायउतार होत असल्याचं कळवून टाकलं. वारस नेमणार नाही, तुमचं तुम्ही बघा, असंही सांगितलं.

मग खरी मजा. राज्य कसं चालवावं याचे नियम नव्हते, आणि नियम कसे ठरवावेत याचेही नव्हते. तेव्हा आधी मतदान कसं घ्यायचं हे ठरलं, मग राज्यपद्धतीचे सात वेगवेगळे आराखडे आले, डिसेंबरात त्यांतला एक निवडला गेला, आणि 2019च्या सुरुवातीला पाच जणांचं मंडळ निवडून आलं. त्या पाचांत एक नाव होतं गिडो व्हॅन रॉसम.

"म्हणजे सिंहासन सोडलं आणि पाटावर बसले," ही म्हणाली. वॉलरस त्याच वर्षी ऑक्टोबरात 3.8 या आवृत्तीत दाखल झाला. त्याच्यामुळे कोणाचं काय बिघडलं ते अजून कळलेलं नाही.

याहून मला पर्ल भाषेची मंडळी जवळची वाटतात. जुलै 2000मध्ये कॅलिफोर्नियात माँटेरे इथे त्यांचं संमेलन होतं. बैठकीत सगळं सुरळीत चाललं होतं, हीच अडचण होती. जॉन ऑरवंट उठले आणि त्यांनी कॉफीचे मग एकामागून एक भिंतीवर फेकायला सुरुवात केली. भाषेत नवं काही घडत नाही, लोक कंटाळलेत, असं त्यांचं म्हणणं. बैठकीला एकदम तरतरी आली आणि पर्ल 6 करायची ठरली. लोकांकडून सूचना मागवल्या, 361 आल्या. भाषेचे जनक लॅरी वॉल त्या वाचत बसले. कधी होणार असं विचारलं की उत्तर यायचं, नाताळापर्यंत. कोणता नाताळ हे कोणी सांगत नसे. ती आली 2015च्या नाताळात. तोवर जुनी पर्ल आपली चालूच राहिली, आणि दोघी इतक्या वेगळ्या झाल्या, की 2019मध्ये नवीचं नाव बदलून राकू ठेवावं लागलं. फेकलेल्या मगांपैकी एखादा तरी फुटला का, हे मात्र आमच्या घरात फार महत्त्वाचं मानलं गेलं. हिने त्या रात्री काचेचे पेले वरच्या फळीवर ठेवले.

आमची कोबोलही काही मुकाट जन्मलेली नाही, हे मला निवृत्तीनंतर कळलं. 1959मध्ये अमेरिकेत समिती नेमली. समिती म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. काम इतकं रेंगाळलं, की समितीतल्या हॉवर्ड ब्रॉम्बर्गने 1960मध्ये थडग्यावर लावायचा दगड विकत घेतला, त्यावर ‘कोबोल’ असं कोरून घेतलं, आणि पेंटागॉनमध्ये बसणाऱ्या प्रमुखांना, चार्ल्स फिलिप्स यांना, पार्सल केला. तो दगड आता कॅलिफोर्नियाच्या संगणक संग्रहालयात आहे. कोबोल अजून बँकांत आहे. दगड आधी निवृत्त झाला.

आणि भांडणं वाढू नयेत म्हणून रस्टवाल्यांनी सभ्य वर्तनाचे नियम केले, ते पाळले जातात का हे बघायला वेगळी समिती नेमली. नोव्हेंबर 2021मध्ये त्या समितीनेच एकत्र राजीनामा दिला. वरच्या समितीला आम्ही जाब विचारू शकत नाही, म्हणून. भाच्याला मी म्हटलं, "हे मला कोणी शिकवायला नको." सोसायटीत मी दोनदा खजिनदार होतो.

एवढं सगळं कानावर पडल्यावर आपणही काही करावं असं मला वाटू लागलं. त्यात भाच्याने सांगितलं, की जून 2021मधल्या 1.53 आवृत्तीपासून रस्टमध्ये देवनागरीत नावं देता येतात. मी तडक त्याच्या शेजारी बसून दुधाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. ‘पहिला_आठवडा’ चाललं. ‘लिटर’ चाललं. ‘दुसऱ्या_आठवड्यातलं_दूध’ लिहिलं आणि एवढं गोड बोलणारा कंपायलर अडून बसला.

"याला दुधाचं वावडं आहे का?"

भाच्याने स्क्रीनला नाक लावलं. खूप वेळाने म्हणाला, "दूध ठीक आहे. तुमच्या दुसऱ्यातल्या ‘ऱ्या’मध्ये एक चिन्ह आहे. दिसत नाही, पण आहे."

खरंच होतं. हा अर्ध्या रफाराचा ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत ‘र’ला पुढच्या अक्षराशी जोडायला मधे एक शून्य रुंदीचं, अदृश्य जोडचिन्ह बसतं, दुसऱ्या तऱ्हेत त्यासाठी वेगळा ‘ऱ’च वापरतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. रस्टच्या नियमात मात्र ते अदृश्य चिन्ह नावात चालत नाही, कारण तसं चालू दिलं तर दिसायला एकच असलेली दोन वेगळी नावं तयार होतील आणि माणूस फसेल. माझ्या कीबोर्डमधून पहिली तऱ्हा आली होती. म्हणजे ग्रीकांचं प्रश्नचिन्ह हा कंपायलर चेहऱ्यावरून ओळखतो, आणि वाऱ्या, दऱ्या, खोऱ्यांतून उभा राहिलेला महाराष्ट्र मात्र कीबोर्ड कोणता ते बघून आत घेतो!

मी पेटलो. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं, की आपली, मराठीची, स्वतंत्र प्रोग्रॅमिंग भाषा हवी. एरवी तिथे सुप्रभात आणि वाढदिवस यांखेरीज काही येत नाही. त्या दिवशी सगळे जागे झाले. भाषा काय करेल, कशासाठी वापरायची, हे कोणी विचारलं नाही. नागपूरच्या काकांनी मांडलं, की प्रत्येक फाइलच्या डोक्यावर ‘श्री’ असलाच पाहिजे, नसेल तर कंपायलरने पुढे वाचूच नये. न्यू जर्सीच्या चुलतभावाने याला हरकत घेतली आणि आधी घटना लिहा, सभ्य वर्तनाचे नियम करा, म्हणून सोळा कलमी मसुदा टाकला. मडगावच्या वहिनींनी बोधचिन्ह पाठवलं. त्यात कासव होतं. वेग दिसत नाही म्हणून कासवाला विरोध झाला. टिपेसाठी काय चिन्ह द्यावं यावर मात्र रात्री उशिरापर्यंत चाललं. वॉडलरसाहेबांचा आकडा आम्ही सहज ओलांडला.

दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर काकांनी ‘भाषा (खरी)’ नावाचा वेगळा ग्रुप काढलेला. भाच्याला मी घाबरून विचारलं, तर तो म्हणाला, "फोर्क झाला, मामा. चांगलं लक्षण आहे. जीसीसी कंपायलरमधूनही 1997मध्ये एक गट फुटून बाहेर पडला होता. दोन वर्षांत तोच अधिकृत झाला."

हे मी काकांना सांगायला नको होतं, असं आता सगळे म्हणतात.

सध्या परिस्थिती अशी आहे: घटना दोन आहेत. कासव आमच्याकडे राहिलं, काकांनी गरुड घेतला. ‘श्री’ दोन्हीकडे आहे, पण आमच्याकडे ऐच्छिक. कंपायलर कोण लिहिणार, असं मी दोन्ही ग्रुपवर विचारलं. सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. टी-शर्टची मापं मात्र न मागता जमली आहेत. रंग ठरायचा आहे, आणि काकांना बाह्या पूर्ण हव्या आहेत.